ओटीपी दिला नव्हता, गेम खेळले

माझी ऑनलाइन खाती चोरीला गेली तेव्हा ओटीपी कुणाला दिला होतास का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाही, ओटीपी कुणालाही दिला नव्हता.

गेल्या दीड वर्षात हा प्रश्न मला सोसायटीच्या चेअरमनकाकांनी विचारला, माझ्या सीएनं विचारला, गेम बनवायला शिकणाऱ्या पोरांनी तर भेटेल तिथे विचारला. मावशीनं विचारण्याचे कष्टही घेतले नाहीत, "ओटीपी सांगायचा नसतो गं कुणाला" म्हणून थेट समजूत काढली. त्यांची तरी काय चूक? मध्यंतरी कुणालाही फोन लावला की रिंग ऐकू येण्याआधी फसवणुकीपासून सावध राहा हेच ऐकावं लागायचं. खातं गेलं म्हणजे ओटीपी दिला असणार, हे गणित आपल्याकडे पाठ झालंय. शिवाय प्रश्नाला शेपूट असतंच: "तू तर कॉम्प्युटरमधलीच ना?"

हो, कॉम्प्युटरमधलीच. या धंद्यात नसते तर गेलंच नसतं.

मी कर्वेनगरात, दोन खोल्यांतल्या एका खोलीत बसून एकटी गेम बनवते. जुन्या वाड्यात हरवलेली मांजर शोधायची, असा कोड्यांचा छोटा गेम आहे. चित्रं माझी, कोड माझा, म्याव मात्र बहिणीच्या बोक्याचं. पुण्यात मोठे स्टुडिओ आहेत, युबिसॉफ्टचा तर 2008 पासून आहे. तिथे गेम खेळून चुका शोधायला पगारी माणसं असतात. आमच्यासारख्यांचं काम सावडीवर चालतं. शेतात आज तुझी काढणी, उद्या माझी, तसं आज मी तुझा अर्धवट गेम खेळते, उद्या तू माझा खेळ. गुगल प्लेनं तर ही सावड जवळजवळ सक्तीचीच केली आहे. 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेलं वैयक्तिक खातं असेल तर गेम बाजारात आणण्याआधी सलग 14 दिवस टेस्टर टिकवून दाखवावे लागतात. आधी 20 लागायचे, डिसेंबर 2024 पासून 12 झाले. घरातली धरून माझे पाच भरतात. मग व्हॉट्सॲप ग्रुपवर "तू माझा टाक, मी तुझा टाकते" सुरू होतं आणि कुणाकुणाचं काय काय आपल्या फोनमध्ये येऊन बसतं.

तर गणपतीच्या आधीचा आठवडा होता. नदीकाठी ढोलपथकांचा सराव चालू, म्हणून खिडक्या बंद करून बसले होते. रात्री साडेनऊला डिस्कॉर्डवर (आम्हा गेमवाल्यांचं व्हॉट्सॲपच म्हणा) निरोप आला: वेळ आहे का, माझा नवा गेम खेळून बघशील का, पुढच्या आठवड्यात द्यायचाय. पाठवणारा ओळखीचाच. डेक्कनवरच्या एका कॅफेत आम्ही आठदहा जण महिन्यातून एकदा भेटतो, त्यातला. निरोप इंग्रजीत होता, अगदी व्याकरणशुद्ध. हा माणूस एरवी "अगं ऐक ना" असं सुरू करतो आणि पूर्णविराम त्याच्या कीबोर्डवर बहुधा नाहीच. पण हे मला नंतर सुचलं.

लिंकवर छानसं पान होतं, गेमची चित्रं होती, खाली डाउनलोडचं बटण. झिप फाइलला पासवर्ड. "अजून जाहीर नाही केला, लीक नको व्हायला," हे त्याचं कारण मला पटलं, कारण मीही हेच करते. खरी गोम अशी की कुलूपबंद झिपच्या आत अँटिव्हायरसला डोकावता येत नाही. मी फाइल चालवली. एक काळी चौकट क्षणभर चमकून गेली आणि मग अमुक फाइल सापडत नाही, असा संदेश आला. "चालत नाहीये रे," मी लिहिलं.

"नो वरीज, अँटिव्हायरस बंद करून परत बघ."

इथे खरं तर मला कळायला हवं होतं. गेम बनवणाऱ्या माणसाला तुझा गेम चालत नाही असं सांगून बघा. तो "नो वरीज" म्हणत नाही, त्याचा जीव खालीवर होतो. ग्राफिक्स कार्ड कुठलं, विंडोज कुठली, लॉग फाइल पाठव, स्क्रीनचा फोटो काढ, आत्ता फोन करू का? रात्रीचे दोन वाजले असले तरी. आणि हा गडी शांत.

मी दमले होते. अँटिव्हायरस बंद केला. (हे वाक्य सीएला अजून सांगितलेलं नाही.)

वीसेक मिनिटांनी मैत्रिणीचा फोन. "तू मला 'हाय डिअर' का म्हणतेयस?" तोवर माझ्या नावानं माझ्या सगळ्या ओळखीपाळखीत "माझा नवा गेम खेळून बघशील का" फिरायला लागलं होतं.

आता ओटीपीचं. बालगंधर्वला नाटकाच्या मध्यंतरात आपण बाहेर येतो, बटाटेवडा खातो आणि परत जाताना अर्धं फाडलेलं तिकीट दाखवतो. डोअरकीपर नाव विचारत नाही, पैसे कोणी दिले विचारत नाही. अर्धुक हातात आहे ना, चला आत. वेबसाइटचंही तसंच असतं. पासवर्ड आणि ओटीपी ही पहिल्या प्रवेशाची तपासणी. ती झाली की साइट ब्राउझरकडे एक अर्धुक ठेवते, त्याला कुकी म्हणतात, म्हणून तर मेल उघडताना रोज ओटीपी द्यावा लागत नाही. माझ्या हातानं चालवलेल्या त्या "गेम"नं ब्राउझरमधली अशी सगळी अर्धुकं गोळा केली आणि कुठल्यातरी देशातल्या कुणालातरी पाठवली. त्यानं ती आपल्या मशिनवर दाखवली आणि आत जाऊन बसला. ओटीपी मागायचा प्रश्नच आला नाही, कारण दारावर कुणी नव्यानं आलेलंच नव्हतं. ब्राउझरनं आपुलकीनं जपून ठेवलेले पासवर्ड वरकड गेले ते वेगळेच.

त्या रात्री एक गोष्ट बरोबर केली. वायफाय तोडलं आणि आईचा फोन घेतला. त्याच लॅपटॉपवर बसून पासवर्ड बदलले असते तर नवे पासवर्डही चोराला आयते मिळाले असते. आईच्या फोनवरून आधी ईमेल, कारण बाकी सगळ्या खात्यांच्या किल्ल्या तिथून निघतात. नुसता पासवर्ड बदलून थांबले नाही, "सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा" हे बटण शोधून दाबलं. त्यानं वाटलेली अर्धुकं रद्द होतात. मग गेम जिथे विकले जातात त्या ऑनलाइन दुकानांची खाती, मग बँक, मग बाकीचं. आई शेजारी बसून विचारत होती, "पण तू ओटीपी दिलासच कशाला?" दुसऱ्या दिवशी लॅपटॉप पुसून विंडोज नव्यानं टाकली. मांजर वाचली, कारण तिची प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर होती आणि तो ड्राइव्ह कपाटात होता. ज्याच्या नावानं निरोप आला त्या मित्राला फोन केला तर त्याचं खातं दोन दिवसांपूर्वीच गेलेलं, त्यालाही अशाच एका "मित्रानं" गेम पाठवला होता.

पैसे गेले नाहीत. गेले असते तर आधी 1930 ला फोन करायचा, लगेच, कारण पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत गोठवता आले तरच काही होतं. मी राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवून ठेवली. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख चोरून वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 सी खाली गुन्हा आहे, आणि माझ्या नावानं उद्या आणखी कुणाला फसवलं तर माझ्याकडे तारखेचा कागद असावा, एवढाच हेतू.

भीती मला पैशांची नव्हतीच. त्या ऑनलाइन दुकानातल्या माझ्या खात्यातून मी गेमचं नवं अपडेट टाकू शकते, आणि ते ज्यांच्याकडे गेम आहे त्यांच्या मशिनवर आपोआप उतरतं. म्हणजे माझ्या खात्याच्या मागे माझे खेळाडू उभे असतात. हे घडलेलं आहे. 2023 मध्ये स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानातल्या काही डेव्हलपरांची खाती अशीच पळवून त्यांच्या गेममध्ये व्हायरस घातले गेले. झळ लागलेले खेळाडू शंभराहून कमी होते, पण त्यानंतर ऑक्टोबरपासून स्टीमनं चालू गेमला नवं अपडेट देताना फोनवर येणारा कोड सक्तीचा केला. तेव्हा मी स्वतः "काय कटकट आहे" म्हणाले होते.

आता माझं अपडेट टाकण्याचं काम एका वेगळ्या ब्राउझरमधून होतं. तो त्या कामापुरता उघडते आणि काम झालं की लॉग आउट करून बंद करते. पासवर्ड ब्राउझरमध्ये ठेवत नाही. बॅकअप कोड कागदावर लिहून पंचांगात ठेवलेत, आईच्या कपाटात. चोराला तिथपर्यंत पोचायचं तर आधी आईशी बोलावं लागेल.

फुकट "की", म्हणजे पैसे न देता गेम मिळवून देणारे कोड, मागणाऱ्यांचं थोडक्यात सांगते. गेम बाहेर आला की त्याच आठवड्यात पन्नास मेल येतात: आमचं मोठं यूट्यूब चॅनल आहे, पाच की पाठवा, एक खेळायला, चार वाटायला. मेलच्या पत्त्यात एखादं अक्षर इकडचं तिकडे. त्या की नंतर स्वस्तात विकल्या जातात. मी उत्तर त्या मेलला देत नाही, चॅनलच्या माहितीत जो पत्ता असतो त्यावर स्वतः लिहिते. बहुतेक वेळा खरा मालक म्हणतो, मी काही मागितलंच नाही. 2022 मध्ये एका फ्रेंच डेव्हलपरनं मागणाऱ्यांना पूर्ण गेमऐवजी त्याच्या छोट्या, तशाही फुकट मिळणाऱ्या प्रस्तावना-भागाच्या की पाठवल्या होत्या. विकायला काही मिळालं नाही म्हणून त्यातल्या काहींनी स्टीमवर गेमविरुद्ध शेरे टाकले आणि स्वतःच उघडे पडले. इतकं पुणेरी उत्तर पुण्याबाहेर द्यावं, याचं मला थोडं वाईटच वाटलं.

घरच्या पत्त्याचं मात्र हसण्यावारी नेता येत नाही. गुगल प्लेवर वैयक्तिक खात्यातून गेमचे पैसे घेत असाल तर तुमचा पूर्ण पत्ता गेमच्या पानावर सगळ्यांना दिसतो. हे फॉर्मवर लिहिलेलं असतं, मी वाचलं नव्हतं. आधी नाशिकहून एका आजोबांचं पोस्टकार्ड आलं, तिसऱ्या पातळीवरची विहीर कशी ओलांडायची म्हणून. मला इतका आनंद झाला की पत्ता कुठून मिळाला हा प्रश्नच पडला नाही. तीन महिन्यांनी एका चिडलेल्या माणसानं एका ताऱ्याचा शेरा टाकला, आणि त्यात आमच्या इमारतीचं नाव होतं. पुढे फक्त "तिसरा मजला ना?" एवढंच. शिवी नाही, धमकी नाही. त्या शेऱ्याचा स्क्रीनशॉट घेतला, तारखेसकट ठेवला, तक्रार केली, शेरा निघाला. पण त्यानंतर दोन आठवडे बेल वाजली की आधी मी भोकातून बघायचे, आणि आई विचारायची, कोण येणार आहे? मग कर्वे रस्त्यावर एक को-वर्किंगची जागा कराराने घेतली आणि धंद्याचा पत्ता कागदोपत्री तिकडे हलवला. महिन्याचं भाडं गेमच्या कमाईला जड जातं. तरी देते.

सावड सोडली का, असंही पोरं विचारतात. नाही सोडली. ब्राउझरमध्ये खेळता येणारा गेम असेल तर तसाच द्या म्हणते. नसेल तर माझा जुना लॅपटॉप आहे, ज्यावर माझं एकही खातं उघडलेलं नाही आणि काम झालं की जो पुसला जातो. त्याचं नाव बकरा. आणि फाइल घेण्याआधी फोन करते, आवाज ऐकते.

मागच्या रविवारी एका कॉलेजच्या मुलानं गेम पाठवला. फोनवर चाळीस मिनिटं तो फक्त त्यातल्या पावसाबद्दल बोलला. गेम बकऱ्यावर टाकला. काळी चौकट आली आणि बंद पडला.

"चालत नाहीये रे," मी कळवलं.

अर्ध्या मिनिटात त्याचे सात निरोप: ताई ग्राफिक्स कार्ड कुठलंय, ताई विंडोज दहा का अकरा, ताई लॉग फाइल कुठे असते सांगू का, ताई सॉरी, ताई फोटो काढता का, ताई जेवताय का, ताई मी येऊ का तिकडे?