कूल जॅझ खर्जापासून ऐका

कूल जॅझ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कॉफी शॉपमधलं मंद संगीत येतं. हळू लय, मऊ सॅक्सोफोन, गप्पांच्या आड न येणारं काहीतरी. ही समजूत मुळातच चुकीची आहे. न्यूयॉर्कमध्ये 21 जानेवारी 1949 रोजी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या नऊ जणांच्या वाद्यवृंदाने 'मूव्ह' ध्वनिमुद्रित केलं. ते ऐकून बघा. जेमतेम अडीच मिनिटांची ती रचना बीबॉपच्या, म्हणजे त्याआधीच्या अतिद्रुत जॅझच्या, वेगानेच धावते, मॅक्स रोचचे ड्रम्स क्षणभरही ढिले पडत नाहीत, आणि तरीही ती कूल जॅझ आहे. तेव्हा लयीवरून ही शैली ओळखता येत नाही. वजन कुठे ठेवलंय आणि काय गाळलंय, यावरून ती ओळखता येते. त्यासाठी माझा एकच आग्रह आहे: चाल नंतर ऐका, आधी खर्ज ऐका.

त्याच दिवशी मुद्रित झालेल्या 'गॉडचाइल्ड'पासून सुरुवात करा. मूळ रचना जॉर्ज वॉलिंग्टनची, अरेंजमेंट, म्हणजे कोणत्या वाद्याने काय वाजवायचं याची मांडणी, जेरी मलिगनची. पहिली ओळ कोण वाजवतं, त्याकडे लक्ष द्या. ट्रम्पेट नाही, आल्टो सॅक्सोफोन नाही. ट्युबा (खर्जातलं मोठं पितळी फुंकवाद्य) आणि बॅरिटोन सॅक्सोफोन मिळून ती ओळ तळातून वर आणतात आणि बाकीची वाद्यं मागाहून येऊन मिळतात. त्या काळच्या बँडमध्ये ट्युबाचं काम म्हणजे जुन्या पद्धतीचं 'उम-पा'. इथे बिल बार्बरला मात्र चक्क चालच दिलेली आहे.

ही कल्पना आली क्लॉड थॉर्नहिलच्या ऑर्केस्ट्रातून. थॉर्नहिलकडे फ्रेंच हॉर्न होते, ट्युबा होता, आणि वादकांनी स्वर सरळ, कंपाशिवाय धरावा अशी अपेक्षा होती. त्याचा अरेंजर गिल इव्हान्स मॅनहॅटनमध्ये 55व्या रस्त्यावर, एका चिनी लाँड्रीच्या मागच्या तळघरात राहायचा. मलिगन, जॉन लुइस, जॉनी करिसी, माइल्स हे सगळे तिथे जमत. थॉर्नहिलच्या त्या भल्या मोठ्या वाद्यवृंदाचा रंग कमीत कमी किती माणसांत उभा करता येईल, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. उत्तर निघालं नऊ. सहा फुंकवाद्यं, आणि शिवाय पियानो, बास, ड्रम्स.

त्या सहांची निवड बारकाईने पाहण्यासारखी आहे. ट्रम्पेटला ट्रॉम्बोन, आल्टो सॅक्सला बॅरिटोन सॅक्स, फ्रेंच हॉर्नला ट्युबा. प्रत्येक जोडीत एक वरचा आवाज, एक खालचा. टेनर सॅक्सोफोन, जो त्या वेळी प्रत्येक बँडचा कणा होता, तो मुद्दाम वगळला. परिणाम असा की अर्धा वाद्यवृंद मंद्र सप्तकाकडे झुकतो, आणि वर ट्रम्पेट तार सप्तकात किंचाळण्याऐवजी मधल्या पट्टीत बोलतो. माइल्सचा आवाजच मुळात त्या पट्टीचा होता. बीबॉपचा ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी याच्यासारखं उंच, झगझगीत वाजवणं त्याचा पिंड नव्हता. म्हणजे जे त्याला जमत नव्हतं त्याच्या भोवतीने नव्हे, तर जे त्याला उत्तम जमत होतं त्याच्या भोवतीने हा वाद्यवृंद रचला गेला.

व्हायब्रेटो, म्हणजे स्वरातला कंप, काढून टाकला की काय होतं, हे 'बॉप्लिसिटी'त अगदी जवळून ऐकता येतं. कंप असलेला स्वर म्हणजे किंचित वर-खाली हलणारा स्वर. सहा वाद्यं आपापल्या गतीने कंपली की स्वरांच्या कडा पुसट होतात, आणि जवळजवळचे स्वर एकत्र वाजवले तर गढूळपणा येतो. कंप थांबवला की सप्तकातले अगदी लगतचे दोन स्वरही स्वच्छ शेजारी उभे राहतात. इव्हान्सने नेमका याचाच फायदा घेतला आहे. पहिल्या फेरीत वरची चाल सोडून द्या आणि फक्त हॉर्न-ट्युबाच्या रेषेमागे जा. ती रेषा नुसते कॉर्डचे (एकत्र वाजणाऱ्या स्वरगुच्छाचे) मूळ स्वर देत नाही, तिला स्वतःची चाल आहे, गुणगुणता येईल अशी. त्यानंतर बॅरिटोन, ट्रम्पेट आणि पियानो यांचे तुकडे येतात, पण ते लांबत नाहीत. ती 78 आरपीएमची तबकडी होती, एका बाजूला साधारण तीन मिनिटं बसायची. एवढ्याशा जागेत प्रत्येकाला आठ-सोळा बार (ठरावीक मात्रांचे लयीचे खंड) मिळणार हे आधीच ठरलेलं, त्यामुळे लिहिलेलं आणि उत्स्फूर्त यांचा सांधा कुठे आहे ते सहजी कळत नाही. माझ्या मते ती मर्यादाच या वाद्यवृंदाने स्टुडिओत मुद्रित केलेल्या बारा रचनांना लाभली आहे.

हाच वाद्यवृंद सप्टेंबर 1948 मध्ये रॉयल रूस्ट या क्लबात वाजवत होता. बाहेरच्या पाटीवर अरेंजर्सची नावं लावली होती. तोवर कोणी असं केलं नव्हतं. तिथल्या रेडिओ प्रक्षेपणाची ध्वनिमुद्रणं उपलब्ध आहेत. आवाज खरखरीत आहे, तोल बिघडलेला आहे, पण ट्रॉम्बोनवर माइक झ्वेरिन आहे आणि वादक स्टुडिओपेक्षा मोकळे वाजवतात. आधी स्टुडिओतलं पाठ करा, मगच ही ऐका. नाहीतर नुसता गोंगाट वाटेल.

आता एक अडचण, जिच्यामुळे बऱ्याच जणांना हे संगीत पातळ वाटतं. मोबाइलच्या स्पीकरवर साधारण 200-300 हर्ट्झच्या खालचं काही धड येत नाही. डबल बासच्या चार मोकळ्या तारा 41, 55, 73 आणि 98 हर्ट्झला असतात. म्हणजे चारही तारांचे मूळ स्वर मोबाइलवर जवळपास गायब होतात आणि उरतात ती त्यांची वरची स्वयंभू कंपनं. ट्युबाचं तेच. बिग बँडच्या संगीतात हे खपून जातं, कारण वर पितळेची भिंत असते. कूल जॅझमध्ये वरचं आधीच विरळ केलेलं आहे, त्यात खालचं गेलं की शिल्लक काय राहणार? वायरचा साधा इअरफोन लावलात तरी चित्र बदलतं.

याचा सगळ्यात मोठा फटका बसतो मलिगनच्या 1952 च्या चौकडीला. लॉस एंजेलिसच्या द हेग या छोट्या क्लबात जमलेली ही मंडळी: बॅरिटोनवर मलिगन, ट्रम्पेटवर चेट बेकर, बास आणि ड्रम्स. पियानो नाही, गिटार नाही. कॉर्ड वाजवणारं एकही वाद्य नाही. मग कॉर्ड कळतात कशा? बास मूळ स्वर देतो. वर बेकर चाल वाजवत असेल तेव्हा मलिगन कॉर्डमधला तिसरा किंवा सातवा स्वर धरतो. कॉर्ड मेजर की मायनर, थांबलेली की पुढे ओढणारी, हे तेवढ्या दोन स्वरांवर ठरतं. बाकीचं कान स्वतः भरून घेतो. पण बासच ऐकू आला नाही तर या गणितातली पहिलीच राशी जाते, आणि दोन फुंकवाद्यं अधांतरी वाजताहेत असं वाटतं.

सप्टेंबर 1952 मध्ये फँटसी कंपनीसाठी मुद्रित झालेलं 'माय फनी व्हॅलेंटाइन' घ्या. बासवर कार्सन स्मिथ, ड्रम्सवर चिको हॅमिल्टन. रिचर्ड रॉजर्सच्या या चालीखाली एक उतरती रेषा आहे: सी, बी, बी-फ्लॅट, ए. आपल्या भाषेत सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध. चार पायऱ्या, अर्ध्या अर्ध्या स्वराने खाली. पहिल्यांदा ऐकताना फक्त या चार पायऱ्या गुणगुणत राहा आणि बेकरला वर त्याचं काम करू द्या. बेकर जवळजवळ सरळ चालच वाजवतो, दमसास दाखवत नाही, स्वर कुजबुजल्यासारखा. त्या एकाकीपणाला खालून आधार देते ती ही उतरण. ती कानात बसली की मलिगन केव्हा बासला चिकटतो आणि केव्हा बेकरकडे सरकतो, हेही कळायला लागतं. याच चौकडीचं 'बर्नीज ट्यून' द्रुत लयीतलं आहे. तिथे दोन फुंकवाद्यं एकमेकांच्या मोकळ्या जागांत शिरतात आणि काउंटरपॉइंट, म्हणजे दोन स्वतंत्र चालींचं एकत्र चालणं, काय असतं ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

डेव्ह ब्रुबेक चौकडीच्या 'टाइम आउट' या अल्बमवर (1959) सगळ्यांचंच प्रेम आहे, आणि 'टेक फाइव्ह' ठाऊक नसलेला माणूस विरळा. तरीही पाच मात्रा मोजताना लोक हमखास घसरतात. सवयीने सहावी मात्रा भरतात किंवा चारवर सम पकडतात. 'टेक फाइव्ह'ची विभागणी 3+2 आहे. झपताल येत असेल त्याला एक सोपी युक्ती: ठेका पहिल्या मात्रेऐवजी तिसऱ्या मात्रेपासून म्हणा. धी धी ना, ती ना, धी धी ना, धी ना. झाले 3+2, 3+2. आता हे ब्रुबेकच्या डाव्या-उजव्या हाताच्या त्या ठरीव पियानो आवर्तनावर बसवा. पहिल्या तीन मात्रांत ई-फ्लॅट मायनर, पुढच्या दोनांत बी-फ्लॅट मायनर. हे आवर्तन ब्रुबेक जवळपास संपूर्ण रचनाभर सोडत नाही. जो मॉरेलोच्या ड्रम सोलोच्या वेळीसुद्धा ते खाली चालूच असतं, म्हणूनच मॉरेलो इतक्या मोकळेपणाने जागा सोडू शकतो. लेहऱ्यावर तबला ऐकणाऱ्याला हे नवं नाही. रचना आहे आल्टो वाजवणाऱ्या पॉल डेसमंडची. त्याचा तो कोरडा, हवेशीर स्वर म्हणजे कूल जॅझमधल्या आल्टोचा नमुनाच.

त्याच अल्बममधलं 'ब्लू रोंडो आ ला तुर्क' मोजायला वरवर अवघड, पण बोलांत सोपं. तीन वेळा 'तक तक तक तकिट', म्हणजे 2+2+2+3, आणि चौथ्या वेळी 'तकिट तकिट तकिट', म्हणजे 3+3+3. ही लय ब्रुबेकने 1958 च्या दौऱ्यात इस्तंबूलच्या रस्त्यावरच्या वादकांकडून उचलली. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आखलेला तो दौरा भारतातही आला होता. मुंबईत ब्रुबेकची गाठ सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याशी पडली आणि दोघांनी एकत्र वाजवलं. 'टाइम आउट'मधल्या विषम मात्रांमागे हा सगळा प्रवास आहे.

मॉडर्न जॅझ क्वार्टेटबद्दल थोडक्यात सांगतो. त्यांच्या 'जँगो'ची (डिसेंबर 1954) मूळ चाल 20 बारांची आहे, पण सोलो वेगळ्याच आराखड्यावर चालतात: 6, 6, 8, 4, 8 बार. मधल्या आठ बारांत बास एका स्वरावर ठाण मांडतो, शेवटच्या आठ बारांत बूगी-वूगीच्या चालीने उसळतो. बासवादक पर्सी हीथच्या मागे गेलात तर आराखडा आपोआप उलगडेल. मिल्ट जॅक्सनच्या व्हायब्राफोनवरचे (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य, ज्यातले पंखे स्वराला कंप देतात) पंखे इतरांपेक्षा पुष्कळ सावकाश फिरतात, त्यामुळे स्वर थरथरत नाही, श्वास घेतल्यासारखा हलतो.

पियानोवादक लेनी ट्रिस्टानोची शाखा सगळ्यात कठीण आणि सगळ्यात कमी ऐकली जाणारी. सॅक्सोफोनवादक ली कोनित्झ आणि वॉर्न मार्श त्याचे शिष्य. त्याच्या तालमीत टेनर सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगचे सोलो रेकॉर्डबरोबर आधी गळ्यातून गायला लागत, स्वरन् स्वर, वाद्याला हात लावण्यापूर्वी. सगळा कूल टेनर सॅक्सोफोन यंगच्याच घरातून निघालेला आहे. 1936 चं 'लेडी बी गुड' ऐकलं की टेनरवादक स्टॅन गेट्झ कुठून आला ते कळतं. कूल जॅझ म्हणजे कॅलिफोर्नियातल्या गोऱ्या वादकांचं संगीत, हे सरसकट विधान म्हणूनच मला मान्य नाही. यंग, माइल्स, जॉन लुइस, मिल्ट जॅक्सन ही पायाची माणसं कृष्णवर्णीय आहेत, आणि नऊ जणांचा तो वाद्यवृंद मिश्र होता.

विकत घेताना काळजी घ्या. माइल्सच्या त्या बारा रचना जानेवारी आणि एप्रिल 1949, आणि मार्च 1950 अशा तीन बैठकींतल्या. 'बर्थ ऑफ द कूल' हे नाव त्यांना मिळालं 1957 च्या एलपीमुळे. त्या एलपीत अकराच रचना आहेत, केनी हॅगुडने गायलेलं 'डार्न दॅट ड्रीम' वगळलेलं आहे. 1998 च्या संपूर्ण आवृत्तीत बाराही आहेत, शिवाय रॉयल रूस्टची प्रक्षेपणं. कॅपिटॉलच्या 1960 च्या दशकातल्या एलपीवर 'ड्युओफोनिक' छापलेलं दिसलं तर ती बाजूला ठेवा. मोनो ध्वनिमुद्रण दोन भागांत फोडून, एकीकडे खर्ज वाढवून, दुसरीकडे तार सूर वाढवून आणि किंचित उशीर घालून केलेला तो खोटा स्टिरिओ आहे. जोडीजोडीने बसवलेली वाद्यं त्यात एकमेकांपासून तुटतात.

त्या बारांतलं 'मून ड्रीम्स' शेवटी ठेवा. मार्च 1950, अरेंजमेंट गिल इव्हान्सची, फ्रेंच हॉर्नवर गुंथर शुलर. सोलोंना जवळपास जागाच नाही. पहिली दोनेक मिनिटं संथ, सरळ बॅलड चालतं. मग सगळा वाद्यवृंद एका ठिकाणी येऊन थबकतो, कोनित्झचा आल्टो एक स्वर धरून ठेवतो, आणि त्या स्वराखाली बाकीची वाद्यं एकेक करून अर्ध्या स्वराने सरकायला लागतात. लय जणू विरघळते. इथे आल्टोकडे लक्ष देऊ नका. तो आहे तिथेच आहे. ट्युबा ऐका.