रस मंडईतला, साल गच्चीवरची

‘मंडईत लिंबं ढिगाने मिळतात, मग कुंड्यांत ही लिंबाच्या जातकुळीतली अनोळखी झाडं कशाला? आणि फळं धरतात का त्यांना?’ गच्चीवर आलेलं प्रत्येक माणूस हे विचारतंच. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

रस हवा असेल तर कागदी लिंबं मंडईतूनच आणावीत. मी झाडं लावते ती पानासाठी आणि सालीसाठी. मकरूटचं, म्हणजे थाई स्वयंपाकातल्या लिंबाचं, पान हातात घेऊन बघा. एकापुढे एक दोन पानं जोडल्यासारखं दिसतं, कारण त्याचा देठच पानाएवढा पसरलेला असतो. मधली शीर काढून ते अगदी बारीक चिरायचं आणि नारळाच्या दुधात सोडायचं. थाई करीचा जो वास आपल्याला आवडतो, तो याचाच. एका वेळेला दोन-तीन पानं पुरतात, मग झाड कुंडीत ठेंगणं राहिलं तरी काय बिघडलं? कुमक्वात म्हणजे इवलंसं संत्र्यासारखं फळ, ते सालीसकट खायचं, कारण गोडी सालीत आणि आंबटपणा आत. त्याला केशरी रंग चढायला रात्रीचा गारवा लागतो. पुण्याची डिसेंबर-जानेवारीची थंडी त्याला मानवते. महाळुंग तर कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातलं फळ. रस नावापुरता, पण बोटभर जाड सालीचा मुरांबा काय सुरेख होतो!

फळं धरतात, पण कलम हवं आणि पाच-सहा तास ऊन हवं. बी लावलीत तर कित्येक वर्षं वाट बघावी लागते. कलम घेताना जोड कुठे आहे ते पाहून ठेवा. जोडाखालून आलेला जोमदार, काटेरी फुटवा लगेच खुडायचा, नाहीतर ज्यावर कलम बांधलेलं असतं ते खालचं खुंटाचं झाडच वरचढ होतं. कुंडीत निव्वळ काळी माती नको. ती पाणी धरून ठेवते, शिवाय तिच्यातल्या चुन्यामुळे झाडाला लोह मिळत नाही. मग कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेणखत आणि विटांचा चुरा सढळ हाताने मिसळा.

पालवीवर पक्ष्याची शीट पडल्यासारखं दिसलं तर नीट बघा, ती फुलपाखराची अळी असते. मोठी झाली की हिरवी होते, आणि डिवचलं तर डोक्यामागून केशरी, दुभंगलेलं शिंग बाहेर काढते. तिच्यावर मी औषध मारत नाही. कागदी लिंबाचं बियांचं एक रोप केवळ या अळ्यांसाठी ठेवलंय, त्यावर उचलून ठेवते.