काळा पट्टा राखाडी झाला तेव्हा

संकेतस्थळाला डार्क मोड, म्हणजे गडद पानावर फिकट अक्षरं, द्यायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हाच ठाऊक होतं की खरा वेळ चित्रं खाणार. मजकुराचे आणि बटणांचे रंग सीएसएसमधली (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमधली) चार व्हेरिएबल्स बदलली की बदलतात. चित्रांचं तसं नसतं. आमचं संकेतस्थळ इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यावर चारशेच्या वर चित्रं साठलेली आहेत: सर्किटच्या आकृत्या, सुट्या भागांची चित्रं, आलेख, ब्रेडबोर्डचे (सोल्डर न करता भाग जोडायच्या पाटीचे) फोटो. जवळपास सगळी पान पांढरंच असणार असं धरून काढलेली.

पार्श्वभूमी #121212, म्हणजे जवळजवळ काळी, केली आणि निम्म्या आकृत्या दिसेनाशा झाल्या. पारदर्शक पार्श्वभूमीच्या पीएनजी चित्रांतल्या काळ्या रेषा काळ्यात मिसळून गेल्या. ज्या दिसत होत्या, त्यांच्या कडेला पांढरी किनार उमटली होती, कारण कडेचे पिक्सेल पूर्वी कधीतरी पांढऱ्या रंगात मिसळून सेव्ह केलेले होते. सगळ्या चित्रांना सरसकट इन्व्हर्ट लावून, म्हणजे रंग उलटे करून, रंगचक्र १८० अंशांनी फिरवायचं, हा जुना उपायही करून पाहिला. साध्या आकृत्यांना तो बरा चालतो. फोटोंच्या मात्र निगेटिव्ह होतात.

मग चित्र बदलून देणारं एआय मॉडेल घ्यायचं ठरवलं. सूचना मीच लिहिली: पार्श्वभूमी गडद कर, काळे आणि गडद भाग नीट उठून दिसतील इतके उजळ कर, बाकी काही बदलू नकोस. रात्रभर सगळी चित्रं त्यातून काढली. सकाळी पाहिलं तर काम सुरेख झालं होतं. किनारी स्वच्छ, सावल्या मऊ, चित्रं जणू गडद पानासाठीच काढलेली. मी ती चाचणीच्या सर्व्हरवर चढवली आणि टीमला दुवा पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं प्रकाशित करायचं होतं.

दुपारी चारच्या सुमारास आमचा मजकूर तपासणारे सर माझ्या टेबलापाशी आले. त्यांनी अनेक वर्षं प्रयोगशाळेत मुलांना शिकवलं आहे. लॅपटॉप माझ्यासमोर ठेवून ते म्हणाले, "हा रेझिस्टर कितीचा, सांग बरं."

चित्राखाली लिहिलंच होतं. मी म्हटलं, "एक किलोओहम."

"खालचं वाचू नकोस. पट्टे वाच."

रेझिस्टर म्हणजे प्रवाहाला अडवणारा छोटा भाग; तो किती ओहमचा, हे त्याच्या अंगावरच्या रंगीत पट्ट्यांवरून वाचतात. मी चित्र मोठं केलं. तपकिरी, मग राखाडी, मग लाल, शेवटी सोनेरी. तपकिरी म्हणजे १, राखाडी म्हणजे ८, लाल म्हणजे गुणिले १००; सोनेरी फक्त मूल्य किती अचूक ते सांगतो. १८०० ओहम. मूळ चित्र शेजारी उघडलं. तिथे दुसरा पट्टा काळा होता. काळा म्हणजे शून्य, म्हणून १००० ओहम.

उठून दिसण्यासाठी गडद भाग उजळ कर, असं मी सांगितलं होतं. मॉडेलने सांगितलं तसंच केलं होतं.

दोघांनी मिळून बाकीचे रेझिस्टर पाहिले. २२० ओहमचा ठीक होता, कारण लाल, लाल, तपकिरी यांत काळा येतच नाही. १० किलोओहमचा मात्र १८ किलोओहम झाला होता आणि १०० किलोओहमचा १८०. मला सगळ्यात जास्त धडकी भरली ती यातल्या पुढच्या गोष्टीने. १.८, १८, १८० ही सगळी बाजारात मिळणारी नेहमीची मूल्यं आहेत. एखादं अशक्य मूल्य आलं असतं तर कुणीतरी थबकलं असतं. इथे शंका घ्यायला जागाच नव्हती.

सर म्हणाले, "यात काही जळणार नाही गं, म्हणून कळणारही नाही. एलईडी मंद लागेल. मूल आपलंच काहीतरी चुकलंय म्हणून जोडण्या उकलत बसेल."

हिशेब खरा होता. ९ व्होल्टची बॅटरी आणि एलईडीवर साधारण २ व्होल्ट धरले, तर १ किलोओहमला ७ मिलिअँपिअर प्रवाह जातो आणि १.८ किलोओहमला जेमतेम ४. पहिल्यांदा सर्किट जोडणारं, शेजारी विचारायला कुणी नसलेलं मूल माझ्या डोळ्यांसमोर आलं. ते चित्रावर विश्वास ठेवणार आणि स्वतःवर शंका घेणार.

प्रकाशन पुढे ढकललं. आधीची सगळी एआय-चित्रं काढून टाकली आणि नव्याने विचार केला.

काळ्या-पांढऱ्या आकृत्यांना एआयची गरजच नव्हती. प्रत्येक पिक्सेल जितका काळा, तितका तो अपारदर्शक धरायचा आणि त्यात फिकट रंग भरायचा. एक छोटा प्रोग्रॅम पुरला, आणि पांढरी किनारही आपोआप गेली. फोटोंची नुसती चमक थोडी उतरवली.

उरली ती रंग वाचायचा असतो अशी चित्रं. ती कोणती, हे शोधायला मात्र मी पुन्हा एआयकडेच गेले. चित्र दाखवून विचारलं: यात रंगाला काही अर्थ आहे का? रेझिस्टर त्याने लगेच ओळखले. मल्टिमीटरची लाल-काळी वायरही ओळखली. दोन रेषांचा एक साधा आलेख मात्र त्याने 'फक्त सजावट' म्हणून बाजूला टाकला. चित्रापुरतं त्याचं बरोबरच होतं. पण खालच्या परिच्छेदात लिहिलं होतं, 'निळी रेषा कशी खाली येते ते पाहा.' त्यानंतर प्रत्येक चित्रासोबत आजूबाजूचा मजकूरही द्यायला लागले, तेव्हा असे आलेखही सापडू लागले. तरीही शेवटची यादी सरांनी आणि मी एकेक करून तपासली. त्या कामाला दोन दिवस गेले आणि ते सार्थकी लागले असं मला मनापासून वाटतं.

या चित्रांवर मॉडेलने एकही पिक्सेल रंगवायचा नाही, असं ठरलं. त्याने फक्त वस्तू कुठे संपते आणि पार्श्वभूमी कुठे सुरू होते, ती सीमारेषा काढून द्यायची. त्या रेषेबरहुकूम कापायचं काम माझा प्रोग्रॅम करतो. मग मूळ चित्र आणि नवं चित्र सीमेच्या आत पिक्सेलला पिक्सेल ताडून पाहतो. फरक शून्य आला नाही तर चित्र पुढे जातच नाही. आणि गडद पानावर काळा भाग हरवू नये म्हणून वस्तूच्या मागे गोल कोपऱ्यांची फिकट राखाडी पाटी ठेवली. दिसायला ती पहिल्या एआय-चित्रांइतकी देखणी नाही. आमच्या डिझायनरला ती आजही खटकते, आणि तिचं म्हणणं मला समजतं. पण पाटी मी काढू दिलेली नाही.

प्रकाशनाच्या आदल्या संध्याकाळी सरांनी खोलीतले दिवे घालवले, फोनवर डार्क मोड लावला आणि रेझिस्टरचं पान उघडलं. खालच्या ओळीवर अंगठा ठेवून ते पट्टे मोठ्याने वाचू लागले. तपकिरी. काळा. लाल. सोनेरी.

"एक किलो," ते म्हणाले, आणि पुढचं चित्र उघडलं.