यादीत नाव

"तुमच्या देवाच्या यादीत आमचं नाव नाही वाटतं." मावशी विड्या वळता वळता बोलून गेली, मान पण वर केली नाही, आणि तेव्हापासून माझं डोकं जाग्यावर नाही. झालं एवढंच की आमच्या चर्चच्या मंडळीतल्या कुणी ताई तिच्या दारात येशूच्या सुवार्तेची पत्रिका देऊन गेल्या. मावशीने ती तंबाखूच्या डब्याखाली नीट ठेवलीये. मला म्हणते, त्या बाईला मी कोण कुठली माहीत नाही तरी दिली बघ, आणि तू तर माझ्यापाशीच लहानाची मोठी झालीस की गं. हसत म्हणाली. चिडून म्हणाली असती तर परवडलं असतं, भांडून मोकळी झाले असते.

आता हल्लीच्या दिवसांत कुणाला काही सांगायला जावं तर, जाऊ दे, तो विषय नकोच.

मावशीच्या लेखी यादी म्हणजे घरकुलाची यादी, नाव लागलं तर लागलं, नाहीतर बस ऑफिसात चकरा मारत. तिला काय माहीत की नेमक्या याच, म्हणजे देवाच्या यादीवरून आमची ख्रिस्ती माणसं शतकानुशतकं भांडतायत. हॉलंडात डॉर्ट गावी १६१८-१९ ला मोठी सभा भरली, तिने ठरवलं की कुणाचं तारण, म्हणजे पापातून सुटका, होणार ते देवाने आधीच निवडलंय, आणि ते माणसाचा गुण किंवा पुढचा विश्वास बघून नाही, निव्वळ स्वतःच्या मर्जीने. आर्मिनियस नावाच्या डच धर्मपंडिताच्या बाजूचे म्हणत होते की नाही, देव कृपा सगळ्यांना देऊ करतो, घ्यायची का नाही ते माणसावर. आमच्या घरात दादा पहिल्या पार्टीत, मी बहुतेक दुसऱ्या, म्हणजे निदान आतापर्यंत तरी होते.

कारण दुसऱ्या पार्टीत असलं की झोप उडते ना. मंडळीच्या तरुण संघात असताना बायबलातल्या यहेज्केल ३३ वर संदेश झाला होता, पहारेकऱ्याने इशारा दिला नाही आणि माणूस मेला तर त्याच्या रक्ताचा जाब पहारेकऱ्याकडून घेणार. त्यानंतर आम्ही पोरं पत्रिका घेऊन स्टेशनपासून नवी पेठेपर्यंत अशी पळत होतो की विचारू नका. समोरच्याच्या चेहऱ्याकडे कोण बघतंय, गठ्ठा संपला की हुश्श. आता वाटतं ती धावपळ त्यांच्यासाठी नव्हतीच, आपल्या अंगावर काही यायला नको म्हणून होती. आणि मावशीला दिली नाही ती कदाचित म्हणूनच, तिला असला गठ्ठ्यातला कागद द्यायची लाज वाटली. की हे पण मी आत्ता सोयीने जुळवतेय? देवच जाणे.

दादाला म्हटलं, तुझ्या हिशोबाने सगळं ठरलेलंच आहे तर सुवार्ता सांगायचीच कशाला. तो म्हणाला बायबलातलं प्रेषितांची कृत्ये १८ वाच. वाचलं. करिंथ नगरात लोक सुवार्ता सांगणाऱ्या प्रेषित पौलाच्या अंगावर येतायत आणि प्रभू त्याला म्हणतो भिऊ नकोस, बोलत राहा, या नगरात माझे पुष्कळ लोक आहेत. यादी आहे म्हणून गप्प बस असं नाही, यादी आहे म्हणूनच थांब इथे. पौल तिथे दीड वर्ष राहिला. इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी पण देवाची निवड मानणाराच, आणि त्याच्याच पंथात देवाला वाटलं तर तो बघून घेईल म्हणणारे होते, तरी हा १७९३ ला बंगालात आला. आणि १८१३ ला मुंबईत उतरलेले ते अमेरिकन मिशनरी, ज्यांच्या मिशनची शाखा पुढे आपल्या सोलापुरात आली, तेही त्याच वळणाचे. म्हणजे यादीवाले घरी बसले असते तर आज माझंच नाव काय असतं कोण जाणे.

यावर दादा जिंकल्यासारखा हसला ते मला आवडलेलं नाही, ते वेगळं.

पण मग टिळक आठवले. नारायण वामन, ख्रिस्ती झालेले कवी. रेल्वेत भेटलेल्या कुणा गोऱ्या माणसाने हातात नवा करार दिला, चार गोष्टी बोलला, आणि गेला. त्याचं नाव टिळकांना कधी कळलंच नाही. १८९५ ला टिळकांचा बाप्तिस्मा झाला, पण तो माणूस काही रजिस्टरमध्ये खूण करायला आला नाही. त्याला काय वाटलं असेल? भीती तर नसणार, भ्यालेला माणूस असा निवांत गप्पा मारत नाही. आम्हाला स्टेशनवर कधी जमलं नाही हे.

आणि खरं सांगू का, रडवेली होऊन लिहायला बसले होते पण आता हसू येतंय. मावशीला तारण हवंय असं ती कुठे म्हणाली? ती मार्कंडेयाच्या देवळात जाते, सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेला जाते, तिचं छान चाललंय. तिला खटकलं ते एवढंच की बोलावलं नाही. घरातल्या लग्नाची पत्रिका शेजारी वाटली आणि तिला राहिली असती तरी हेच बोलली असती, आणि मी इथे डॉर्टची सभा भरवून बसलेय.

तर नाताळच्या उपासनेला ये म्हणून तिला सांगणार आहे. येईल ती, नवी साडी नेसून येईल, पुढच्या बाकावर बसेल. आणि मग मंडळीतले सगळे माझ्याकडे बघतील, पाळकसाहेब हात हातात घेऊन म्हणतील, वा, कुणाला तरी आणलंत. तेव्हा मला जो आनंद होईल तो मावशी आली म्हणून की मी आणली म्हणून, हे मला आत्ताच माहीत आहे आणि त्याचाच जास्त राग येतोय. तरी सांगणार आहे. दादाला मात्र आधी कळू देणार नाही.