थांब, आईला देतो

फोन बाबांनी उचलला की बोलणं किती लांबणार हे आधीच ठरलेलं असतं. "बरी आहेस ना? तब्येत? थांब, आईला देतो." मग आईशी गप्पा रंगल्या की मागून आवाज येतो, "तिला विचार, गाडीचा विमा भरला का?" म्हणजे कान इकडेच असतात. थेट विचारायचं तेवढं जमत नाही.

अशा कमी बोलणाऱ्या बापाच्या घरात मुलगी लवकर तरबेज होते. चपला कशा काढल्या, पेपर टेबलावर ठेवला की टाकला, जेवताना मान वर झाली का, एवढ्यावरून सहलीच्या फॉर्मवर आज सही मागायची की उद्या, हे तिला कळतं. वर कौतुकही होतं, "बाबांना हीच बरोबर ओळखते." झालं! कौतुक झालं की ते काम कायमचं गळ्यात पडतं. पुढे मोठेपणी नवरा पाच मिनिटं गप्प बसला तरी हिच्या मनात चौकशी समिती बसते.

'मुलगी बापासारखाच नवरा शोधते' हे मला कधी फारसं पटलेलं नाही. बाप कसा होता यापेक्षा बापासमोर आपण कोण होतो, हेच बायका जास्त सोबत नेतात. कुणी घरातला ताण हसवून घालवणारी असते. ती पुढे स्वतःचं रडूही विनोदात गुंडाळून सांगते. कुणाकडे बापाचं लक्ष फक्त निकालाच्या दिवशी गेलेलं असतं. तिला कुणी विनाकारण प्रेम केलं की संशयच येतो.

अभ्यासकांचं लक्षही बापाकडे जरा उशिराच गेलं. मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्यातल्या बंधाचा सिद्धांत जॉन बोल्बी यांनी मांडला, तेव्हा सगळा भर आईवर होता. बाप हा मुलांच्या वाढीतला विसरलेला वाटेकरी आहे, असं मायकेल लॅम्ब यांनी १९७५ साली लिहिलं. पुढे १९८७ मध्ये हझन आणि शेव्हर या दोघांनी दाखवलं, की लहानपणीच्या या बंधांसारख्याच तऱ्हा मोठ्यांच्या प्रेमातही दिसतात. कुणी निर्धास्तपणे विसंबतं, कुणाला सतत सोडून जाण्याची धास्ती, तर कुणी जवळीक आली की चार पावलं मागे सरतं. अर्थात, याला पत्रिका समजू नये. माणसं बदलतात, चांगली सोबत मिळाली तर बरीच बदलतात.

आणि फार बोलणारा बाप म्हणजे चांगला बाप, असंही नाही. मनोविश्लेषणाचे, म्हणजे मनातलं सगळं बोलतं करून करायच्या उपचाराचे, जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१८ मध्ये स्वतःच्याच मुलीचं, अ‍ॅनाचं, मनोविश्लेषण सुरू केलं. आज कुठलाही समुपदेशक हे ऐकून कपाळाला हात लावेल. तिने लहान मुलांच्या मनोविश्लेषणात मोठं नाव कमावलं, वडिलांच्या दीर्घ आजारपणात १९३९ मध्ये ते जाईपर्यंत त्यांची शुश्रूषा केली, लग्न केलं नाही. तिचं आयुष्य वाया गेलं असं मुळीच म्हणायचं नाही. पण आपली स्वप्नंसुद्धा बापाला सांगायची म्हणजे... नको बाई, त्यापेक्षा गाडीचा विमा बरा.

मला हेवा वाटतो तो बापाशी भांडता आलेल्या मुलींचा. माझ्या एका मैत्रिणीच्या घरी जेवणाच्या टेबलावर रोज वाद व्हायचे. आवाज चढायचे, ताट तसंच ठेवून एखादी उठून जायची. आणि कधीतरी तिचे बाबा सगळ्यांसमोर म्हणायचे, "बरं, तुझं बरोबर. मी चुकलो." पुढच्या मिनिटाला, "ती भाजी इकडे दे." बस्स, एवढंच. पण रागावलेला पुरुष घर सोडून जात नाही, अबोला धरत नाही, आणि 'नाही' म्हटल्याने माया आटत नाही, हे तिला तिथेच कळलं असावं. कौतुकाच्या शंभर शब्दांपेक्षा मी त्या 'मी चुकलो'ला जास्त मार्क देईन.

तिच्या संसारातही ते दिसतं. मध्यंतरी आम्ही दोघी तिच्या घरी बसलो होतो. तिचा नवरा आला, काही न बोलता आत गेला. मी सवयीने लगेच पावलांवरून अंदाज बांधायला लागले: ऑफिसात काही झालं असेल, मी आलेली आवडलं नसेल. तिने बसल्या जागेवरून हाक मारली, "काय रे, चिडलायस का?"

आतून आवाज आला, "नाही गं, दाढ ठणकतेय."