फ्रांस्वाझची धाकटी बहीण

आज दुपारी फ्रेंच दिग्दर्शक जाक देमी यांचा रोशफोर शहरातील जुळ्या बहिणींवरचा संगीतमय चित्रपट पुन्हा पाहिला आणि या वेळी माझे लक्ष सतत अभिनेत्री काथरीन दनव यांच्या नजरेकडे गेले. पडद्यावरची त्यांची जुळी, सोलांज, ही त्यांची सख्खी मोठी बहीण फ्रांस्वाझ दोर्लेआक. प्रत्यक्षात दोघींत जेमतेम दीड वर्षाचे अंतर. थोरली आधीच वडिलांच्या आडनावाने अभिनय करत होती, म्हणून धाकटीने आईचे माहेरचे आडनाव घेतले. आज जग जे नाव ओळखते ते असे बहिणीला वाट देताना मिळालेले आहे, हे मला फार हृद्य वाटते.

चित्रपट १९६७ च्या मार्चमध्ये प्रदर्शित झाला आणि २६ जूनला नीसच्या विमानतळाकडे स्वतः गाडी चालवत निघालेली फ्रांस्वाझ वाटेत अपघात होऊन, गाडीने पेट घेतल्यामुळे, अवघ्या पंचविसाव्या वर्षी गेली. पुढे १९९६ मध्ये दनव यांनी लेखक पात्रिक मोदियानो यांच्यासह तिच्यावर पुस्तक केले. मधली जवळजवळ तीस वर्षे माझ्या मनातून जात नाहीत. दोघी एका सुरात नाचतात ते दृश्य आले, तेव्हा मी चित्रपट थांबवला आणि माझ्या ताईला फोन लावला.