सायकलवर पाचशे किलोमीटर

आजचा रविवार सगळा दुसऱ्या महायुद्धातल्या गुप्तहेर नॅन्सी वेकबद्दल वाचण्यात गेला, घरातली कामं तशीच पडलीयेत आणि डोकं अजून तिथंच अडकलंय. जन्म न्यूझीलंडचा, वाढली सिडनीत, लग्न करून मार्सेलला राहिली आणि १९४० मध्ये फ्रान्स जर्मनांच्या हाती पडल्यावर रेझिस्टन्सच्या, म्हणजे जर्मनांविरुद्ध लपून लढणाऱ्या फ्रेंच चळवळीच्या, कामाला लागली. हाती लागायचीच नाही म्हणून गेस्टापोवाले, म्हणजे नाझींचे गुप्त पोलीस, तिला पांढरा उंदीर म्हणायचे. शेवटी पिरेनीज पर्वत ओलांडून इंग्लंड गाठलं, ट्रेनिंग घेतलं आणि एप्रिल १९४४ च्या अखेरीस रात्री पॅराशूटने परत फ्रान्समध्येच उतरली, ओव्हर्नच्या डोंगराळ भागात! जंगलात लपलेल्या लढवय्यांना पैसे, बंदुका, दारूगोळा मिळवून द्यायचा, विमानातून माल कुठं टाकायचा ते लंडनला कळवायचं, हे तिचं काम.

पण मला हलवून टाकलं ते सायकलनं. जर्मन हल्ल्यात रेडिओ ऑपरेटरला कोड नष्ट करावे लागले, म्हणजे लंडनशी संपर्क तुटला, म्हणजे शस्त्रं बंद. मग लंडनला निरोप पाठवेल असा दुसरा ऑपरेटर गाठायला ही एकटी सायकल काढून निघाली, जर्मनांच्या नाक्यांमधून, जाऊन येऊन साधारण ५०० किमी, तीन दिवसांत. परतली तेव्हा ना उभं राहता येत होतं ना बसता, नुसती रडत होती बिचारी. पुढे आयुष्यभर सगळ्यात जास्त अभिमान तिला याच प्रवासाचा.

आणि नवरा, आँरी फिओका. बायको कुठंय ते सांगितलं नाही म्हणून गेस्टापोने त्याला १९४३ मध्येच हाल करून मारलं होतं, तिला ते कळलं फ्रान्स मोकळा होताना. तिला नंतर इंग्लंड, फ्रान्स, अमेरिका सगळ्यांनी पदकं दिली, पण तिच्याबरोबर त्याचंही नाव घ्यायला हवं असं मला फार वाटतंय.